मंगरुळे बाराबंदी डॉट कॉम

पट्टा तुटलेली बॅग छातीशी धरून तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, तेव्हा महादेवी फोनवरून बंगळुरातल्या एका माणसाची छाती मोजत होती.

"टेप काखेखालनं घ्या... घेतला? आता श्वास सोडा. पोट आत ओढू नका हो, यात्रेत चार तास आत ओढून चालणार आहात का?"

पायरीवरचा माणूस हसला. महादेवीने फोन कानाशी तसाच ठेवून त्याच्याकडे बघितलं. तिशीतला, सावळा, कपाळावर घाम, आणि हसताना कान हलतात असला. तिने हातानेच विचारलं, काय? त्याने हातानेच बॅग दाखवली. तिने हातानेच सांगितलं, बसा.

बाळीवेशीतलं हे दुकान बाराबंदीचं. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, आणि त्यांच्याबरोबर चालणारं अख्खं सोलापूर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतं. बारा बंदांनी अंगाशी बांधायचा तो अंगरखा. महादेवीचे वडील शिवयोगी मंगरुळे चाळीस वर्षं तेच शिवत आले. आपलं लग्न ठरलं त्याच वर्षी त्यांनी हौसेनं पाटी रंगवून घेतली होती, 'शिवयोगी मंगरुळे आणि सन्स'. नंतर झाली ती एकच मुलगी. पाटी चांगल्या रंगाची होती, कोण बदलणार? आता अप्पांच्या हाताला कंप होता. ते दोरे कापायचे, शिवलेले बंद उलटवायचे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. कापणं, शिवणं, मापं, फोन, सगळं एकोणतीस वर्षांच्या महादेवीवर. घर तिच्या आईकडे, तिला सगळे अव्वा म्हणायचे.

बॅगवाल्याचं नाव मुकुंद. मूळचा जेऊरचा, पुण्याच्या एका कंपनीचं काम विजापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीत बसून करायचा. लोकांच्या वेबसाइट बनवायचं काम. हे सगळं त्याने अप्पांना सांगितलं आणि महादेवीने मशीन चालवता चालवता ऐकलं. पट्ट्याला तिने चौकोन घालून मधे फुली मारली. या शिलाईने बैल बांधला तरी पट्टा तुटत नाही. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत चार फोन आले. चौघांनाही तिने तेच सांगितलं, तेच फोटो पाठवले आणि माप कसं घ्यायचं ते पहिल्यापासून समजावलं.

"तुमी वेबसाइट का करत न्हाय?" त्याने विचारलं आणि लगेच जीभ चावली. "नाही, म्हणजे, का करत नाही?"

महादेवीला त्या चावलेल्या जिभेची गंमत वाटली. शहरात येऊन 'न्हाय' लपवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. पण याचं कसं, मनापासून बोलला की 'न्हाय' यायचं आणि ऑफिसातलं बोलला की 'नाही'.

"वेबसाइट मोठ्या दुकानांच्या असतात," ती म्हणाली. "आणि मला त्यातलं काही कळत नाही. बारावीनंतर मशीनवर बसले ती बसलेच."

पट्ट्याचे पैसे तिने घेतले नाहीत. एवढ्याशा शिलाईचं काय घ्यायचं. मग फेड म्हणून मी तुम्हाला वेबसाइट समजावून सांगतो, असं तो म्हणाला. लोक म्हणतात आणि विसरतात. हा शनिवारी संध्याकाळी आला.

*

पहिला धडा त्याने कटिंगच्या टेबलावर, खाकी कागदावर तिच्याच खडूनं दिला. एक चौकोन काढला आणि त्याच्यापासून चांगला हातभर लांब दुसरा.

"हे तुमचं नाव. याला डोमेन म्हणायचं. लोक मोबाइलमध्ये हे टाकणार. आणि ह्यो तिकडं गाळा. तुमचे फोटो, मापाचा फॉर्म, सगळा माल यात ठेवायचा. याला होस्टिंग म्हणत्यात. लोकांना वाटतं दोन्ही एकच. दोन्ही येगळं."

"पाटी एकाकडनं, गाळा दुसऱ्याकडनं."

"बरोबर. आणि नाव कायमचं विकत मिळत न्हाय. वर्षाच्या बोलीवर मिळतं. मुदतीआधी पुढं चालू केलं न्हाय, तर दुसरा कुणीबी उचलू शकतो."

महादेवी दोन चौकोनांमधली मोकळी जागा बघत राहिली. कापड बघताना बघायची तसंच, डोळे जरा बारीक करून.

"पण मग... नाव इथं, माल तिथं. इथनं तिथपर्यंत माणसाला कोण नेतं?"

मुकुंदचा खडू थांबला. हा प्रश्न विचारायला आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना सहा महिने लागतात, तो म्हणाला. आणि असं काही तिच्याकडे बघितलं की तिने उगाच कात्रीला तेल आहे की नाही ते तपासलं. शिवणाचं कौतुक तिला सवयीचं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मग त्याने सांगितलं. संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक गाळ्याला एक आकडा असतो. कुठलं नाव कुठल्या आकड्याचं हे सांगणारी एक जगभराची व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात.

"येडूमामा," महादेवी म्हणाली.

"काय?"

चौकातल्या लिंबाखाली येडूमामा बसतात, अप्पांनी खुलासा केला. पंच्याऐंशी वय. बाळीवेशीत कुणाचं नुसतं नाव सांगा, ते बोळ, जिना आणि दाराचा रंग सांगतात. पोस्टमनसुद्धा त्यांनाच विचारतो.

मुकुंद इतका खूष झाला की त्याने कागदावर डीएनएस खोडून तिथे 'येडूमामा' लिहिलं. पुढं महिनाभर दोघं तोच शब्द वापरत राहिली.

दर शनिवारी एक धडा झाला. पत्त्याच्या अलीकडचं छोटं कुलूप म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाने लिहिलेलं माप आणि फोन नंबर वाटेत कुणी वाचू नये म्हणून घातलेलं बंदोबस्ताचं कुलूप. महादेवीने ते ऐकलं आणि म्हणाली, गिऱ्हाईक बायका असत्या तर त्यांनी आधी हेच विचारलं असतं. डॉट कॉम आणि डॉट इन यांत फरक काय, तर पाट्याच दोन, दोन्ही वेगळ्या घ्यायच्या, हव्या तर एकाच गाळ्याला लावायच्या. ती वहीत लिहून घ्यायची. तो तिचं कापणं बघत बसायचा. ती खुणा न करता, एका दमात, गळ्याचा गोल कापायची. कात्री कापडातून जाताना तो बोलायचा थांबायचा.

"बोला की," ती मान वर न करता म्हणायची.

"तुमचं होऊ द्या."

"माझं हातानं होतंय. कानाला काम नाही."

"माझं मात्र डोळ्यानं होतंय," तो एकदा म्हणून गेला... आणि मग तासभर नुसतं होस्टिंगबद्दल बोलला.

*

नाव घ्यायच्या दिवशी अप्पा अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसले. त्यांना साइटचं नाव 'श्री सिद्धेश्वर कृपा शिवयोगी मंगरुळे आणि सन्स टेलर्स डॉट कॉम' असं हवं होतं. मुकुंदने अतिशय आदराने सांगितलं की एवढं टाइप करेपर्यंत यात्रा संपेल. नुसतं बाराबंदी आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं होतं. शेवटी 'मंगरुळे बाराबंदी डॉट कॉम' मोकळं निघालं. फोनवर एकदा सांगितलं की कळेल, असं.

"आता मालकाचं नाव," मुकुंद म्हणाला. "हे महत्त्वाचं हाय. ज्याचं नाव इथं, डोमेन त्याचं."

"ऋतुराज शरणप्पा मंगरुळे," अप्पांनी सांगितलं.

ऋतुराज म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा, पुण्यात नोकरीला. गुणी पोरगा, पण सुईत दोरा ओवता येत नाही. अप्पांच्या मनात दुजाभाव नव्हता. घरचं काहीही नावावर करायचं झालं की मुलग्याच्या नावावर करायचं, गॅसच्या जोडणीपासून, हे त्यांच्या हाडात होतं. मुलगी उद्या सासरी जाणार, आडनाव बदलणार, पुन्हा कशाला खटपट. ई-मेलही त्यांनी ऋतुराजचाच दिला.

महादेवी कापत होती. कात्री थांबली. मुकुंदने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बोटं अक्षरांवर तशीच.

"लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. ती पुन्हा कापायला लागली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तिचा गळ्याचा गोल वाकडा गेला. ते कापड तिने टेबलाखाली सारलं. दुकानातली प्रत्येक बाराबंदी तिच्या हातून जाते, बंगळूरचा माणूस 'अक्का, तुम्हीच कापा' म्हणतो, आणि जगभर दिसणाऱ्या पाटीमागे मात्र ऋतुराज. रडण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्या संध्याकाळी तिने मुकुंदला चहा दिला तेव्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो रविवार असूनही आला. नाव गाळ्याला जोडलं होतं, पण जगभरच्या येडूमामांना ते कळायला काही तास लागतात, कधी एखादा दिवसही. कुणाच्या फोनवर आधी दिसतं, कुणाच्या नंतर. ती गच्चीवर होती. कापायच्या आधी मांजरपाट भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. तीस-पस्तीस वार पांढरं कापड दोऱ्यांवर टाकलेलं, आणि नोव्हेंबरात ध्यानीमनी नसताना पावसाचे टपोरे थेंब आले.

"धरा, धरा की," ती ओरडली.

दोघं धावली. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या, मधे फडफडणारं ओलं कापड. घडी घालत घालत जवळ यायचं, टोक द्यायचं, पुन्हा लांब जायचं... चौथ्या घडीला त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि टोक द्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पाऊस तेवढ्यात थांबलाही होता. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने पाहिला, आणि तिच्यासमोर धरला.

मंगरुळे बाराबंदी. खाली तिने शिवलेला अंगरखा, बारा बंद मोकळे सोडलेला.

तिने आपल्या फोनवर उघडून बघितलं. नाही उघडलं.

"माझ्याकडं अजून पोचलं नाही," ती म्हणाली.

"पोचंल," तो म्हणाला. ओला, कान लाल झालेला. "काही गोष्टी एकाकडं आधी पोचत्यात."

तिने घडी घातलेलं कापड त्याच्या हातात दिलं आणि जिना उतरली. अर्ध्या जिन्यात तिला हसू आलं, ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

*

पंधरा दिवस दुकानात श्वास घ्यायला वेळ नव्हता. पुणं, नगर, हैदराबाद, कुठून कुठून मापं यायला लागली. लोक टेप कुठं धरायचा ते चित्रात बघून स्वतःच भरायचे. अप्पा रोज सकाळी देवाला आणि मग मोबाइलला नमस्कार करायचे.

सोळाव्या दिवशी सकाळी साइट गेली.

आधी हैदराबादचा फोन आला, मग पुण्याचे तीन. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येत होतं. यात्रेला जेमतेम पाच आठवडे. याच दिवसांवर दुकानाचं वर्ष चालतं. कापड आणून ठेवलं होतं, दोन शिवणाऱ्या बायका वाढवल्या होत्या, आणि गिऱ्हाईक दारात येऊन दार बंद बघून परतत होतं. महादेवीने मुकुंदला फोन केला. तिने दोनच शब्द उच्चारले, "पाटी गेली."

तो वीस मिनिटांत आला, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. पडदा वाचला आणि डोकं धरून बसला.

नाव घेतल्यावर मालकाच्या ई-मेलवर एक पत्र जातं, त्याने सांगितलं. पत्ता खरा आहे ना, एवढंच विचारणारं. त्यातल्या दुव्यावर, म्हणजे लिंकवर, एकदा बोट ठेवायचं असतं. पंधरा दिवसांत ठेवलं नाही तर नाव थांबवतात. मी ऋतुराजला फोन करून सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता.

अप्पांनी तिथूनच ऋतुराजला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. ते पत्र आलं होतं, तो म्हणाला. पण अनोळखी पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवू नका असं ऑफिसात रोज बजावतात, म्हणून मुकुंदने सांगितलेलं पत्र हेच हे न ओळखता त्याने ते फसवणुकीचं समजून पुसून टाकलं.

"आणि काका," ऋतुराज म्हणाला, "मला कशाला मालक केलंत? मला लोक विचारतात बाराबंदीला बंद किती. मी म्हणतो अक्काला विचारा. माझं नाव काढा तिथनं, अक्काचं घाला."

मुकुंदने पत्र पुन्हा मागवलं, ऋतुराजने पुण्यात बोट ठेवलं. साइट येईल आता, थोडा वेळ लागेल. मुकुंदने मालकाचा रकाना उघडला, पण टाइप केलं नाही. लॅपटॉप तसाच अप्पांकडे वळवला.

अप्पांनी हातातला बंद उलटवून बाजूला ठेवला. "पोरगं म्हणतंय ते खरं हाय," ते म्हणाले. "पण उद्या हिचं लग्न झालं, नाव बदललं, की परत हेच. परत बंद पडंल. नको ते. साकु, पुरे."

महादेवीने कात्री टेबलावर ठेवली.

"अप्पा, मी लग्न करून कुठं जाणार ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. मग या फॉर्मनं का घाबरायचं? आज कापतंय कोण?"

आजवर तिने वडिलांना असं विचारलं नव्हतं. तिचा स्वतःचाच आवाज तिला नवा वाटला.

"तूच कापतीस," अप्पा म्हणाले.

"मग आजचं लिहा."

"आणि मालक," मुकुंद मधेच बोलला, आणि बोलला तो जेऊरचाच, "नाव बदलायची सक्ती कुठल्याच फॉर्मात न्हाय. गाळा शंभर वेळा बदलावा. विजापूर रोडला न्यावा, कुटंबी न्यावा. नाव हाय तेच राहतंय. मी तर म्हणतो... बदलूच नये त्यांनी."

अप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"विजापूर रोडच का?"

मुकुंदने लॅपटॉपकडे पाहिलं. त्याचे कान मात्र सगळं सांगत होते. अप्पा उठले, चहा सांगून येतो म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. चहा रोज फोन केल्यावर येतो, हे तिघांनाही माहीत होतं.

महादेवीने लॅपटॉप ओढून घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव भरलं. ई-मेल स्वतःचा. पत्र आलं, तिने स्वतः दुव्यावर बोट ठेवलं. मग गळ्यातला टेप काढला.

"उभे राहा. यात्रेला तुम्हाला बाराबंदी नको का?"

तो उभा राहिला. टेप त्याच्या पाठीमागून फिरवायला तिला जवळ यावं लागलं. हजार माणसांची छाती तिने मोजली होती, पण आकडा वाचायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"त्या दिवशी तुमची कात्री थांबलेली मी ऐकली," तो तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "ऐकली, आणि तरी लिहिलं. मी विचारायला पाहिजे होतं, तुमचं लिहू का म्हणून. तवापासून रोज तेच डोक्यात हाय."

"लिहा असं मीच म्हणाले होते."

"म्हणून काय झालं? मला कळलं होतं की." तो थांबला. "महादेवी... मला तुमी लई आवडता. तुमी कापताना आवडता, प्रश्न विचारताना त्याहून आवडता. न्हाय म्हणालात तरी साइट चालू ठेवीन. त्याची काळजी करू नका."

तिने टेप सोडला नाही.

"श्वास सोडा," ती हळूच म्हणाली. "माप चुकतंय."

"चुकू दे."

"नाही चुकवणार. हे एक तरी बरोबर येऊ दे मला." आणि मग टेपकडेच बघत, "माझ्याकडं ते गच्चीतच पोचलं होतं. फोनवर नव्हतं पोचलं, एवढंच."

त्याने श्वास सोडला. एक्केचाळीस.

मापाची वही तिने समोरून उघडली नाही, उलटी धरून मागून उघडली. समोरून गिऱ्हाइकं, गल्लीच्या नावासकट. मागची चार पानं घरच्यांची, तिथे आडनाव लागत नाही, गल्ली लागत नाही. अप्पांखाली ऋतुराज होता. ऋतुराजखाली तिने लिहिलं, मुकुंद, छाती एक्केचाळीस. तो वाकून वाचत राहिला, एका ओळीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ.

अप्पा चहा घेऊन आले, चांगले दहा मिनिटांनी. पेले ठेवता ठेवता त्यांची नजर वहीवर गेली. कुठलं पान आहे ते त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. महादेवीने वही मिटली नाही. मुकुंदने चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"बाई," शेवटी अप्पा म्हणाले, "पोटाच्या शिवणीला दोन बोटं माया जास्त ठेव."

"कशाला, अप्पा?"

"तुझी अव्वा भाकरीवर लोणी लई घालती." त्यांनी मुकुंदला एकदा खालपासून वरपर्यंत मापलं, टेपशिवाय. "वर्षाच्या आत लागंल."